एका माहितीला पाच वाटा

जून १९९३ मध्ये साऱ्या जगात मिळून सुमारे १३० वेबसाइट होत्या. त्या वर्षअखेर त्यांची संख्या सहाशेवर गेली, पुढच्या जूनमध्ये २,७०० च्या वर आणि जून १९९५ मध्ये साडेतेवीस हजारांच्या घरात. एमआयटीतल्या मॅथ्यू ग्रे या विद्यार्थ्याने एक छोटा प्रोग्रॅम लिहून ही मोजदाद ठेवली होती. दोन वर्षांत जवळजवळ १८० पट वाढ. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली सुरुवातीला जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत बसून नव्या वेब सर्व्हरची यादी हाताने ठेवत असत. कुणी कळवले की नाव चढवायचे. १३० नावांची यादी माणूस नजरेखालून घालू शकतो. साडेतेवीस हजारांची यादी डोळ्यांसमोर असली काय नि नसली काय, सारखेच.

माहिती साठवणे हे एक काम आणि हवी तेव्हा ती सापडणे हे दुसरे. संगणकाच्या जगाला हे तेव्हा नव्याने कळत होते. ग्रंथपालांना ते फार आधीपासून ठाऊक होते आणि त्यांतल्या एकाने तर या एका प्रश्नावर उभे आयुष्य घालवले. शियाळी रामामृत रंगनाथन हे त्यांचे नाव. आयुष्याची शेवटची वर्षे त्यांनी बंगळुरूत काढली आणि १९७२ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले, म्हणजे वेब जन्माला येण्याच्या जवळजवळ वीस वर्षे आधी. इंटरनेटच्या सुरुवातीच्या काळात जी अडचण उभी राहिली, तिचा मुळापासून विचार त्यांच्याइतका क्वचितच कुणी करून ठेवला होता. आपल्याकडे ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांपलीकडे हे नाव फारसे कुणाला माहीत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आधी अडचण नीट पाहू.

वेबच्याही आधी इंटरनेटवर फायलींचे साठे होते. विद्यापीठे आपल्या संगणकांवर प्रोग्रॅम, शोधनिबंध, आकडेवारी ठेवत आणि कुणालाही त्या फायली उतरवून घेता येत. कोणती फाईल कुठल्या विद्यापीठात आहे हे मात्र तोंडोतोंडीच कळायचे. १९९० मध्ये माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या अ‍ॅलन एमटेज यांनी ‘आर्ची’ तयार केले. हे साठे ठरावीक काळाने तपासून त्यांतल्या फायलींच्या नावांची एक मोठी यादी आर्ची बनवत असे. आर्चीला ई-मेलनेही प्रश्न विचारता येई. शब्द पाठवायचा, उत्तरादाखल फायलींची नावे आणि त्यांचे ठिकाण यायचे. पण यादी फक्त नावांची. फाईलमध्ये काय आहे याची आर्चीला गंधवार्ता नसे. ज्याने नाव धड ठेवले त्याची फाईल सापडे, ज्याने घाईत काहीतरी नाव दिले त्याची हरवलेलीच राही. पुढच्याच वर्षी मिनेसोटा विद्यापीठातून ‘गोफर’ आले. त्यात माहिती याद्यांच्या याद्यांमधून मांडलेली असे. १९९२ मध्ये गोफरच्या त्या याद्या धुंडाळणारी ‘व्हेरॉनिका’ आली. प्रत्येक नवी सोय आधीच्या सोयीचा पसारा आवरायला येत होती.

मग १९९४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जेरी यांग आणि डेव्हिड फायलो या दोन विद्यार्थ्यांनी आपल्याला आवडलेल्या वेबसाइटची विषयवार यादी करायला घेतली. तीच पुढे ‘याहू’ झाली. माणसांनी एकेक वेबसाइट उघडून पाहायची, ती कशाबद्दल आहे हे ठरवायचे आणि योग्य शीर्षकाखाली तिची नोंद करायची, ही याहूची रीत. वर चौदा मुख्य शीर्षके, त्यांखाली पोटशीर्षके, त्यांखाली आणखी बारीक भाग. या साऱ्या मांडणीची जबाबदारी श्रीनिजा श्रीनिवासन यांच्यावर होती. कंपनीच्या अगदी पहिल्या काही कर्मचाऱ्यांपैकी त्या एक.

या मांडणीची कसोटी कुठे लागते, ते एका उदाहरणाने पाहा. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेची, म्हणजे आयआयएससीची वेबसाइट कुठे ठेवायची? शिक्षणाखाली, विज्ञानाखाली, की प्रदेश, मग देश, मग भारत, मग कर्नाटक अशा वाटेने? तिन्ही उत्तरे बरोबर आहेत. झाडासारख्या मांडणीत मात्र एका गोष्टीला एकच फांदी मिळते. याहूने यावर तोड काढली. वेबसाइट एका जागी ठेवायची आणि दुसऱ्या जागी तिकडे नेणारा दुवा द्यायचा. अशा दुव्याच्या शीर्षकापुढे ‘अ‍ॅट’चे चिन्ह असे. तोड चांगली होती, पण असा प्रत्येक दुवा कुणाला तरी आठवणीने जोडावा लागे. वेबसाइट हजारांत असेपर्यंत हे जमले. त्या लाखांत गेल्यावर माणसे कमी पडू लागली.

कपाटातल्या पुस्तकाची गत तीच. ते एका वेळी एकाच फळीवर राहू शकते. मेल्विल ड्यूई या अमेरिकी ग्रंथपालाने १८७६ मध्ये दशांश वर्गीकरण मांडले. ज्ञानाचे दहा भाग, प्रत्येकाचे पुन्हा दहा, त्यांचे पुन्हा दहा. आपल्याकडच्या अनेक ग्रंथालयांत पुस्तकांच्या पाठीवर दिसणारे आकडे याच पद्धतीचे. पद्धत सोपी आणि शिकायला सुटसुटीत आहे. पण तिच्यात आधी जागा आखल्या जातात आणि मग त्यांत विषय बसवले जातात. जगात रोज नवे विषय जन्मतात, जुने एकमेकांत मिसळतात. ज्याची जागा आखलेलीच नाही असा विषय आला की ग्रंथपाल त्याला जवळच्या कुठल्यातरी आकड्यात कोंबतो.

रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक. तंजावरकडच्या शियाळीत १८९२ मध्ये जन्मलेले, मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवणारे. जानेवारी १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि थोड्याच दिवसांत कंटाळून परत वर्गावर जायची भाषा करू लागले. आधी लंडनला जाऊन ग्रंथालयशास्त्र तर शिका, मग पाहू, असे त्यांना सांगण्यात आले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बर्विक सेयर्स यांच्या हाताखाली शिकताना त्यांनी इंग्लंडमधली कितीतरी ग्रंथालये पालथी घातली. जिथे तिथे त्यांना त्याच आखीव चौकटी आणि तीच ओढाताण दिसली. लंडनच्या एका मोठ्या दुकानात त्यांनी मेकॅनो हे खेळणे पाहिले. पट्ट्या, चाके, नटबोल्ट. त्याच मोजक्या सुट्या भागांतून विक्रेता कधी एक वस्तू जोडून दाखवी, कधी दुसरी. वर्गीकरणही असेच का असू नये, हा विचार तिथे पक्का झाल्याचे ते स्वतः सांगत. विषयांची तयार यादी करायचीच नाही. विषय ज्या घटकांचे बनतात त्या घटकांच्या याद्या करायच्या आणि पुस्तक हातात आले की त्याचा क्रमांक तिथल्या तिथे जोडायचा.

हे ‘कोलन वर्गीकरण’ १९३३ मध्ये छापून आले. सुरुवातीला घटक जोडायला फक्त कोलन, म्हणजे अपूर्णविराम वापरलेला होता, म्हणून हे नाव. पुढच्या आवृत्त्यांत पद्धत अधिक बांधीव झाली. कुठल्याही विषयाचे पैलू शेवटी पाच मूळ प्रकारांत पडतात, असे रंगनाथन यांनी मांडले: व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, स्थळ आणि काळ. व्यक्तित्व म्हणजे विषयाचा गाभा, ज्याबद्दल बोलणे चालले आहे ती गोष्ट. द्रव्य म्हणजे तिचे साहित्य किंवा गुणधर्म. ऊर्जा म्हणजे तिच्यावर किंवा तिच्यात घडणारी क्रिया. स्थळ आणि काळ यांना वेगळे समजावण्याची गरज नाही.

ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात याचे एक ठरलेले उदाहरण असते. फुप्फुसाच्या क्षयावर क्ष-किरणांनी करायच्या उपचारासंबंधी भारतात १९५० मध्ये झालेले संशोधन. याचा कोलन क्रमांक देवनागरीत लिहिला तर असा होतो: एल,४५;४२१:६;२५३:एफ.४४’एन५. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे गूढ वाटते, पण तुकड्या-तुकड्याने वाचले की उलगडते. ‘एल’ म्हणजे वैद्यक. स्वल्पविरामानंतरचे ४५ म्हणजे फुप्फुस. अर्धविरामानंतरचे ४२१ म्हणजे क्षय. कोलननंतरचे ६ म्हणजे उपचार आणि त्यापुढचे २५३ म्हणजे क्ष-किरण. ‘एफ’ म्हणजे संशोधन. टिंबानंतरचे ४४ म्हणजे भारत. वरच्या स्वल्पविरामानंतरचे ‘एन५’ म्हणजे १९५० चा काळ. प्रत्येक विरामचिन्ह पुढे कोणत्या जातीचा पैलू येतो आहे हे सांगते. हे पूर्ण वाक्यच झाले. त्याला शब्दकोश आहे, व्याकरण आहे आणि ते आधी कुणाला लिहून ठेवावे लागत नाही.

आता आपल्या मातीतला विषय घेऊ. सांगली जिल्ह्यात द्राक्षबागांवर १९९५ नंतर डाऊनी या रोगासाठी झालेली फवारणी. द्राक्ष, डाऊनी, फवारणी, सांगली, १९९५ नंतरचा काळ. झाडाच्या मांडणीत हा अहवाल शेतीच्या फांदीवर गेला की सांगलीचा अभ्यास करणाऱ्याला तो दिसत नाही आणि सांगलीच्या फांदीवर गेला की रोगतज्ज्ञाला दिसत नाही. पैलूंनी वर्णन केलेला अहवाल मात्र पाचही बाजूंनी गाठता येतो. त्यासाठी रंगनाथन यांनी ‘साखळी सूची’ची रीत बसवली. वर्गक्रमांकाची एकेक कडी उलट्या क्रमाने सोडवत जायची आणि प्रत्येक कडीवर सूचीतली एक नोंद करायची. वाचक कुठल्याही शब्दाने आत शिरला तरी शेवटी त्याच अहवालापाशी पोहोचतो. ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम त्यांनी १९३१ मध्येच मांडले होते. त्यांतला एक वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे, आणि साखळी सूचीचा सारा खटाटोप त्या एकाच नियमासाठी आहे.

बनारस, दिल्ली, झुरिक असा प्रवास करून रंगनाथन पन्नासच्या दशकाच्या अखेरीस बंगळुरूला स्थायिक झाले आणि मल्लेश्वरममध्ये राहू लागले. ते शहर तोवर पेन्शनरांचे आणि बागांचे म्हणून ओळखले जाई, पण हिंदुस्तान एअरक्राफ्ट, एचएमटी, भारत इलेक्ट्रॉनिक्स असे मोठे सरकारी कारखाने तिथे उभे राहिले होते, आयआयएससी तर १९०९ पासूनच होती. विमान किंवा यंत्र बनवणाऱ्या अभियंत्याला अख्खे पुस्तक क्वचितच लागते. त्याला हवा असतो एक लेख, एक पेटंट, एक चाचणी अहवाल, त्यातलाही एखादा तक्ता. अशा बारीक कागदपत्रांची नोंद ठेवून ती वेळेवर योग्य माणसाच्या हाती देणे याला ‘डॉक्युमेंटेशन’ म्हणत. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने रंगनाथन यांना याच कामासाठी बोलावले आणि १९६२ मध्ये बंगळुरूत ‘डॉक्युमेंटेशन रिसर्च अँड ट्रेनिंग सेंटर’ सुरू झाले. ग्रंथालयशास्त्राच्या जगात ते ‘डीआरटीसी’ म्हणूनच ओळखले जाते. आज ते म्हैसूर रस्त्यावर आठव्या मैलाजवळ, सांख्यिकी संस्थेच्या आवारात आहे. नीलमेघन, गोपीनाथ, गणेश भट्टाचार्य अशा माणसांनी तिथे रंगनाथन यांचा विचार पुढे नेला. भट्टाचार्य यांची ‘पॉप्सी’ ही विषयसूचीची पद्धत तर वर्गीकरणाच्या क्रमांकाशिवाय, साध्या भाषेतच पैलूंची साखळी मांडते. संगणकाला हवी तशीच ती पद्धत होती.

बाहेरच्या जगाने रंगनाथन यांना आपल्या आधी ओळखले. ब्रिटिश नॅशनल बिब्लिऑग्राफी १९५० मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्या विषयसूचीसाठी साखळी सूचीच घेतली होती. लंडनच्या क्लासिफिकेशन रिसर्च ग्रुपने १९५५ मध्ये निवेदन काढले. माहिती शोधण्याच्या सर्व पद्धतींचा पाया पैलूवार वर्गीकरण हाच असला पाहिजे, अशी त्यात भूमिका होती. हे वेबच्या साडेतीन दशके आधीचे.

बंगळुरूत या परंपरेला लागूनच दुसरे एक काम झाले आणि मला ते फार महत्त्वाचे वाटते. १९८० च्या दशकात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मदतीने आयआयएससीत ‘नॅशनल सेंटर फॉर सायन्स इन्फर्मेशन’ उभे राहिले. परदेशांतून शोधनिबंधांच्या नोंदी चुंबकीय फितींवर येत. देशभरचे शास्त्रज्ञ आपापल्या विषयाचे शब्द या केंद्राकडे नोंदवून ठेवत. नवी फीत आली की संगणक प्रत्येकाच्या शब्दांशी तिची जुळणी करी आणि जुळलेल्या नोंदींचा छापील कागद टपालाने त्या शास्त्रज्ञाच्या विभागात पोहोचे. इंटरनेट नसताना आडगावच्या कॉलेजातल्या प्राध्यापकालाही आपल्या विषयात जगात काय छापून आले हे कळण्याची ही सोय होती. टी. बी. राजशेखर यांच्या पुढाकाराने हे केंद्र पुढे वेबकडे वळले. विज्ञानाच्या निवडक वेबसाइटची पारखून केलेली सूची तिथे तयार झाली आणि २००२ मध्ये आयआयएससीचे शोधनिबंध सर्वांना खुले करणारे ‘ईप्रिंट्स’ भांडार सुरू झाले. आपल्या देशातले अशा प्रकारचे ते पहिले संस्थात्मक भांडार.

भारतात इंटरनेट आले तेही अशाच संस्थांमधून. १९८६ मध्ये सुरू झालेल्या ‘अर्नेट’ या संगणक-जाळ्याच्या प्रकल्पात आयआयएससी, पाच आयआयटी आणि मुंबईचे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्था होत्या. जुहूच्या त्या केंद्राचे प्रमुख श्रीनिवासन रमाणी यांनी या कामाचा मोठा भार वाहिला. सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमकडून. त्याच वर्षी मुंबईत राजेश जैन यांनी ‘इंडियावर्ल्ड’ सुरू केले. त्यातला ‘खोज’ हा विभाग म्हणजे भारतीय वेबसाइटची विषयवार सूची. भारतीय मजकूर शोधण्याची सोय भारतात बसून करण्याचा हा अगदी सुरुवातीचा प्रयत्न. १९९९ मध्ये सत्यम इन्फोवेने इंडियावर्ल्ड ४९९ कोटींना घेतले, तेव्हा या किमतीचीच चर्चा अधिक झाली. सूची करणे हे काम इतके मोलाचे असते, हे त्या निमित्ताने क्वचितच कुणी म्हटले.

तोवर जग दुसऱ्या वाटेने निघाले होते. डिसेंबर १९९५ मध्ये ‘अल्टाव्हिस्टा’ आले. त्याच्या सूचीत सुरुवातीलाच सुमारे १ कोटी ६० लाख पाने होती. इथे वर्गीकरण करणारा माणूसच नव्हता. यंत्र पाने गोळा करी आणि प्रत्येक शब्दापुढे, तो ज्या ज्या पानांवर आहे त्यांची यादी ठेवी. पुस्तकाच्या शेवटी असणाऱ्या शब्दसूचीचेच हे अवाढव्य रूप. शब्द टाका, पाने घ्या. लवकरच कळले की पाने फार येतात आणि कामाची पाने खाली दडलेली असतात. १९९८ मध्ये गूगलने त्यावर उपाय आणला. ज्या पानाकडे इतर वजनदार पाने दुवे देतात ते पान वर. याहूची हाताने केलेली सूची मागे पडत गेली आणि २०१४ अखेर बंद झाली.

अब्जावधी पानांचा डोंगर माणसांच्या हातांनी उपसणे शक्यच नव्हते, तेव्हा यंत्राची वाट योग्यच होती. पण शब्दाचा शोध आणि विषयाचा शोध यांत फरक आहे. ‘द्राक्ष’ हा शब्द असलेले पान द्राक्षाबद्दल असेलच असे नाही. द्राक्षाबद्दलच्या पानावर ‘सांगली’ हा शब्द नसेल तर ते सांगलीकराला सापडणार नाही. म्हणून जिथे नेमके शोधणे गरजेचे होते तिथे पैलू परत आले. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मार्टी हर्स्ट यांच्या ‘फ्लेमेन्को’ प्रकल्पाने या शतकाच्या सुरुवातीला पैलूंनी शोध घेण्याची रीत वेबवर बसवून दाखवली. खरेदीच्या वेबसाइटवर ती आता सर्रास दिसते, बंगळुरूत २००७ मध्ये पुस्तकविक्रीपासून सुरू झालेल्या फ्लिपकार्टवरही. पडद्याच्या डाव्या बाजूला साडीचा धागा, रंग, काठ, किंमत असे रकाने असतात आणि कुठल्याही क्रमाने ते निवडत गेले की यादी लहान होत जाते. त्यामागचा विचार शोधत गेलो तर तो मद्रासमार्गे मल्लेश्वरमला पोहोचतो.

मराठीची गोष्ट मात्र वेगळी घडली, आणि ती सांगणे मला अधिक निकडीचे वाटते.

वेबवर मराठी मजकूर आला नव्वदच्या दशकाच्या मध्यानंतर. पण तो युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला एकच ठरलेला संकेत देणाऱ्या जागतिक प्रमाणात नव्हता. प्रत्येक वृत्तपत्राचा, प्रत्येक सॉफ्टवेअर कंपनीचा फाँट वेगळा. या फाँटमध्ये युक्ती अशी असे की संगणकाच्या लेखी रोमन अक्षर साठवायचे आणि पडद्यावर त्या जागी देवनागरी आकार काढायचा. वाचकाला ‘पाऊस’ दिसे, सर्च इंजिनच्या यंत्राला रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक घोळका. एका वृत्तपत्राच्या ‘पाऊस’चा घोळका दुसऱ्याच्या ‘पाऊस’शी जुळतही नसे. देवनागरीसाठी राष्ट्रीय प्रमाण नव्हते असे नाही. ‘इस्की’ हे प्रमाण १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने स्वीकारले होते, पुण्याच्या सी-डॅक या संगणक संशोधन संस्थेने त्यावर भरपूर काम केले होते आणि युनिकोडची देवनागरीही इस्कीवरूनच घेतलेली आहे. पण बाजारात फाँटच चालले. परिणाम असा की ज्या वर्षांत अल्टाव्हिस्टा आणि सुरुवातीचे गूगल इंग्रजी पाने शब्दाशब्दाने सूचीत घेत होते, त्या साऱ्या वर्षांत मराठीची पाने पडद्यावर असूनही सूचीत नव्हती. त्यांतली कितीतरी आता मुळातच नाहीत.

युनिकोड रुळल्यावर मोठा अडथळा दूर झाला. तरी बारीक काटे राहिले. ‘शाळा’, ‘शाळेत’, ‘शाळेला’, ‘शाळांमधून’ हे आपल्याला एकच, यंत्राला चार वेगळे शब्द. मराठीचा खास आडवा र तर आणखी गमतीशीर. ‘दुसऱ्या’ हा शब्द युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी टंकता येतो. एकात नुक्त्याच्या र चा संकेत वापरतात, दुसऱ्यात साध्या र ला न दिसणारे जोडचिन्ह लावतात. डोळ्यांना दोन्ही हुबेहूब सारखे. यंत्राने दोन्ही एकच धरण्याची तजवीज केलेली नसेल तर एका तऱ्हेने शोधणाऱ्याला दुसऱ्या तऱ्हेचा मजकूर मिळत नाही. अनेक संस्थांच्या वेबसाइटवरच्या शोधचौकटी अजून इथेच अडखळतात.

आणि पुस्तके? या शतकाच्या सुरुवातीला आयआयएससीचे एन. बालकृष्णन आणि कार्नेगी मेलन विद्यापीठाचे राज रेड्डी यांच्या पुढाकाराने ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ उभी राहिली. भारतीय भाषांतली लाखो जुनी पुस्तके स्कॅन झाली, त्यांत मराठीचीही फार मोठी संपत्ती आहे. मूळ वेबसाइट आता चालत नाही, पण पुस्तकांच्या प्रती इंटरनेट आर्काइव्हवर आहेत. त्यांच्या ओळखक्रमांकाच्या सुरुवातीला ‘इन.अर्नेट.डीएलआय’ ही अक्षरे अजून दिसतात. स्कॅनिंगचे ते काम डोंगराएवढे होते आणि त्या माणसांचे ऋण मोठे आहे. नोंदींचे काम मात्र त्या मानाने हलके झाले. बहुतेक मराठी शीर्षके रोमन लिपीत आणि हवी तशी लिहिलेली. ‘ज्ञानेश्वरी’ रोमनमध्ये डी ने सुरू होऊ शकते, जे ने होऊ शकते, जी ने होऊ शकते. लेखकाचे नाव कधी अर्धे, कधी आडनावाशिवाय, विषय बहुधा ढोबळ. पान अन् पान स्कॅन झालेले पुस्तक जगाला खुले असते आणि ज्याला ते हवे त्याला सापडत नाही. आर्चीच्या काळातल्या वाईट नावाच्या फायलीची जी गत होती, तीच आज आपल्या शंभर वर्षे जुन्या पुस्तकांची आहे.

आपल्याला हे काम जमत नाही असे कुणी म्हणू नये. शंकर गणेश दाते यांनी १८०० पासून १९५० पर्यंतच्या मराठी पुस्तकांची ‘मराठी ग्रंथसूची’ दोन भागांत सिद्ध केली. संगणक नव्हता, झेरॉक्स नव्हते. जुन्या मराठी पुस्तकावर काम करणारा अभ्यासक आजही आधी ‘दाते सूची’ उघडतो. ग्रंथालये पालथी घालून, नोंद करून, नोंद पुन्हा ताडून केलेले ते काम आहे. रंगनाथन यांनी ज्याला शास्त्र दिले तेच दाते यांनी मराठीसाठी हाताने केले. स्कॅन झालेल्या पुस्तकांना दाते सूचीतल्या नोंदी जोडल्या, तर मराठीच्या जुन्या ग्रंथांपैकी फार मोठा हिस्सा एका झटक्यात सापडू लागेल. विद्यापीठांच्या ग्रंथालयशास्त्र विभागांनी हा प्रकल्प हाती घ्यावा. दरवर्षी बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांना याहून चांगला अभ्यास कुठला?

वाचकांनाही माझी एक विनंती आहे. गावाच्या वाचनालयाचा शताब्दी अंक, शाळेची स्मरणिका, आजोबांनी लिहिलेले छोटे पुस्तक, जुन्या दिवाळी अंकांचे गठ्ठे अशा गोष्टी हल्ली लोक हौसेने स्कॅन करून इंटरनेटवर ठेवतात. ठेवण्याआधी पाच मिनिटे द्या. ‘स्कॅन ००१’ हे नाव पुसून टाका आणि देवनागरीत पुरते शीर्षक लिहा. लेखकाचे किंवा संपादकाचे संपूर्ण नाव लिहा. ते कशाबद्दल आहे हे चार-सहा शब्दांत लिहा, आत एखाद्या घटनेची, व्यवसायाची, माणसाची हकीकत असेल तर तेही. गावाचे आणि जिल्ह्याचे नाव द्या. छापल्याचे वर्ष द्या, शके दिलेला असेल तर तोही. ते कुणाला लागेल हे आज आपल्याला माहीत नाही, म्हणूनच या पाचही नोंदी भरा, एकही मोकळी सोडू नका.